पुढची खोली

१

बालाजीचं घर कधी रस्त्याला लागून नव्हतं. रस्ताच सरकत सरकत घराला येऊन लागला.

डोंगरकड्याहून वसमतकडं निघालं की थोड्या अंतरावर आठ-दहा घरांची एक वस्ती लागते. तिच्यातलं टोकाचं घर त्याचं. तीन खोल्या, एकीमागं एक: पुढची, मधली आणि स्वयंपाकघर. रस्ता चौपदरी करायचं ठरलं तेव्हा मोजणीवाले आले, त्यांनी फीत धरली आणि पुढच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर लाल रंगाची रेघ ओढून ते निघून गेले. दिवाळी झाली तशी बालाजीनं पत्रे, वासे आणि खिडकी काढून घेतली. उरलेली खोली जेसीबीनं अर्ध्या तासात आडवी केली. वस्तीतल्या सगळ्याच घरांचं तसं झालं. वसमतपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक गावात तेच चाललं होतं.

मधल्या खोलीचं दार इतकी वर्षं घराच्या आतलं दार होतं. आता ते घराचं दार झालं. उंबऱ्यापासून एका पावलावर पांढरी सिमेंटची सडक आणि तिच्यावरून ऐंशी-नव्वदनं पळणाऱ्या गाड्या. सृष्टी, बालाजीची लेक, आठ वर्षांची. ती बाहेर पळेल या भीतीनं त्याच्या बायकोनं, संगितानं, ते दार कडी घालून कायमचं लावून टाकलं. येणं-जाणं मागच्या दारानं सुरू झालं. बालाजी त्याच रस्त्यावरच्या टोलनाक्यावर सकाळच्या पाळीला कामाला लागला. रस्त्यानं खोली नेली आन् नोकरी दिली, असं तो हसून सांगायचा.

चैत लागला. हळद शिजवायचे दिवस होते. संगिता पहाटे कामाला जायची, अकराला परत यायची, सकाळच्या शाळेतून आलेल्या सृष्टीला जेवू घालायची आणि मधल्या खोलीतल्या गार फरशीवर घटकाभर आडवी व्हायची. तोंड दाराकडं. दोन-तीन दिवस तिला काहीतरी खटकत राहिलं. पायात बारीक काटा मोडावा आणि नेमका कुठं ते सापडू नये, तसं.

चौथ्या दिवशी सापडलं. त्या दाराखाली दोन बोटं फट होती. बाहेर डोळे फुटतील असं ऊन, समोर पांढरी सडक, आणि फटीत उजेड नव्हता. दाराच्या फळ्यांतल्या चिरांतही नव्हता. बंद खोलीच्या दाराखाली असावा तसा काळोख होता.

२

ट्रक उभा असंल समोर, असं तिनं आधी मनाला सांगितलं. मग वाटलं, ट्रक उभा असता तर त्याची घरघर आली असती. ती कान देऊन ऐकायला लागली. गाड्या जात होत्या, पण त्यांचा आवाज दबका येत होता. खोली पाडल्यापासून एकेक ट्रक गेला की मांडणीतली भांडी वाजायची. आता ती गप्प होती. पुढची खोली होती तेव्हा रस्ता असाच ऐकू यायचा, मधे एक भिंत आणि बारा फूट हवा असल्यासारखा.

ती उठून मागच्या दारानं बाहेर पडली आणि घराला वळसा घालून पुढं आली. दारावर ऊन पडलेलं. खालची फट चांगली दिसत होती. तिनं वाकून फटीत बोटं घातली, आतल्या फरशीला लावून पाहिली. मग पुन्हा वळसा घालून आत आली. फटीत काळोख.

सृष्टीच्या दप्तरातली पट्टी तिनं घेतली आणि फटीतून अर्धी बाहेर सरकवून ठेवली. पुन्हा बाहेर गेली. बाहेरून पट्टी दिसत नव्हती. उंबरा मोकळा होता, त्यावर सिमेंटची धूळ आणि उन्हानं वाळलेली चार पानं.

ती आत आली तेव्हा पट्टी दारापासून हातभर अलीकडं, खोलीच्या आत पडलेली होती. कोणीतरी परत सरकवून द्यावी तशी.

गाडीच्या वाऱ्यानं आली असंल. तिनं ते दोनदा मोठ्यानं म्हटलं.

दुपारी अडीचच्या पुढं बालाजी आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. त्यानं बूट काढले, ऐकून घेतलं आणि कडी काढून दार उघडलं. ऊन भसकन आत आलं. समोर सडक, ऊस नेणारा एक ट्रॅक्टर, पलीकडं वाळत घातलेली हळद.

"काय हाय इथं?" तो म्हणाला.

"आता न्हाई. दुपारी बाराला असतंय."

"उन्हातान्हात कढईपाशी बसतीस, संगिता. डोळ्यांवर येतंय ते. दोन दिवस जाऊ नको कामाला."

त्यानं दार लावलं. संध्याकाळी वसमतहून रबराची पट्टी आणून दाराखाली ठोकली. फट बुजली. संगिताला बरं वाटायला पाहिजे होतं, पण आता काळोख पलीकडं दडून बसल्यासारखा तिला वाटायला लागला.

३

रामनवमीच्या आसपास संतराम परत आले. बालाजीचे वडील. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, फक्त उजेड-अंधार कळायचा. घर पाडायच्या वेळेला धूळ लागू नये म्हणून बालाजीनं त्यांना आपल्या बहिणीकडं वसमतला नेऊन ठेवलं होतं. पुढची खोली म्हणजे त्यांची खोली. चाळीस वर्षं त्यांची बाज तिथं होती.

"मामा, पुढची खोली गेली आता," संगितानं त्यांचा हात धरून सांगितलं. "त्या दाराकडं जायचं न्हाई. पलीकडं लगेच सडक हाय."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "सांगितलंय बालाजीनं."

त्यांची बाज मधल्या खोलीत टाकली. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी संगिता भाकरी थापत असताना कडीचा आवाज आला. तिनं परात तशीच टाकली. मधल्या खोलीत येऊन बघते तर बाज रिकामी, कडी निघालेली आणि दार बाहेरून ओढून घेतल्यासारखं लोटलेलं.

तिनं दार उघडलं. अंगावर ऊन आलं आणि एक टँकर हॉर्न देत समोरून गेला. सडकेवर कोणी नव्हतं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. सरळ सडक मैलभर दिसत होती, आणि आंधळा माणूस एवढ्यात कुठं जाणार?  मागून वळसा घालून शोधावं म्हणून ती फिरली, लेकरू बाहेर जाऊ नये म्हणून तेवढ्यातही दार लोटून घेतलं.

दार लोटलं आणि तिला त्यांचा आवाज ऐकू आला.

दाराच्या पलीकडून. सडकेवर उभ्या माणसाचा आवाज असा येत नाही. हा चार भिंतींत बसून बोलणाऱ्याचा आवाज होता, थोडा घुमणारा. "बस, बस," ते कुणाला तरी म्हणत होते. "उठू नको. होईल जागा." मग बाजेच्या सुंभाची करकर. एकाच्या वजनाची नव्हे.

संगितानं हात दाराला लावला, पण ते ओढायचं धाडस तिला झालं नाही. किती वेळ उभी होती तिलाही सांगता आलं नसतं. दार आतल्या बाजूला उघडलं. संतराम चाचपत उंबरा ओलांडून आले, सवयीनं दार लोटून घेतलं आणि वर हात करून कडी घातली. दार उघडं होतं त्या क्षणात त्यांच्या पाठीमागं तिला फक्त ऊन दिसलं.

"कोन, संगिता? काहून अशी उभी?"

"मामा, कुठं होता तुमी?"

"पुढं टेकलो होतो जरा."

तिनं त्यांचा हात धरला. बाहेर चाळीसच्या वर ऊन, आणि हात माठाला लावून ठेवल्यासारखा गार होता.

४

संगितानं हे सांगितलं तेव्हा बापाला वेड लागलं असं बालाजीला वाटलं नाही, भीती वाटली. एखाद्या दिवशी गाडीखाली जातील. त्यानं कोयंड्याला कुलूप घातलं आणि किल्ली देवाच्या फळीवर ठेवली. त्या रात्री जेवताना त्यानं शांतपणे विचारलं, "बाबा, दुपारी कुठं जाता?"

"खोलीत."

"खोली न्हाई ना राहिली आता."

संतरामांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "तुला दिसती म्हणून न्हाई. मला कवा दिसत होती? मला पायाला लागती. तवाबी तेवढीच लागायची, आताबी लागती."

"आन् बोलता कुनासंगं?"

"असत्यात की लोक. एकट्याची खोली न्हाई राहिली ती. मधल्या भिंती कुठं हायत आता? आपल्यातून उंबरा वलांडला की चंदाबाईची पडवी. तिच्यातून पुढं पिठाच्या गिरणीची खोली. तशीच पुढं पुढं. ज्याची ज्याची पुढची खोली गेली, त्याची त्याची लागती." त्यांनी तुकडा तोंडात घातला. "मानसं लई झालीत तिथं. पाय पसरायला जागा न्हाई. पर कुनी तकरार करत न्हाई."

बालाजीनं संगिताकडं पाहिलं. सृष्टी आजोबांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"आबा, मला बी दिसंल का?" तिनं विचारलं.

"दिसायचं काय काम तिथं?" संतराम हसले. "आंधळी कोशिंबीर खेळताना बघतीस का तू?"

संगितानं तिला उठवून मागच्या अंगणात हात धुवायला नेलं. तिच्या मनात एवढंच होतं की लेकराच्या कानावर हे पडायला नको. पडून गेलं होतं.

नंतरचे आठ दिवस दुपारी संतराम दाराला पाठ लावून बसायचे. पलीकडून कुणी काही विचारावं तसे मधेच मान हलवायचे, बारीक आवाजात म्हणायचे, "कुलूप हाय बाबा. काय करू."

५

तो दिवस शनिवारचा. संगिता मागच्या अंगणात हळद हलवत होती. घरात नुसती शांतता. सृष्टी आबांजवळ आहे एवढं तिला माहीत होतं, आणि त्यामुळंच ती निर्धास्त होती. मग एकदम तिला जाणवलं की घरातून एवढा वेळ पोरीचा आवाज आला नाही.

देवाच्या फळीखाली स्टूल होतं. कुलूप कोयंड्याला उघडं लोंबत होतं. दार लोटलेलं.

तिनं दार उघडलं. सडक. एकामागं एक चार ट्रक, दोन जीप, एक एसटी. पोर नाही, म्हातारा नाही, आणि देवाची कृपा, सडकेवर काही पडलेलंही नाही. तिनं दार लावलं आणि कान टेकवला.

"आबा, अजून किती?" सृष्टीचा आवाज. पण तो दारापाशी नव्हता. डाव्या अंगाला होता, वसमतच्या बाजूला, दोन-चार खोल्या सोडून असावा तसा. आणि लांब जात होता.

संगितानं हाक मारली. पलीकडची कुजबूज थांबली. कुजबूज होती हे ती थांबल्यावर तिला कळलं. सृष्टीनं ओ दिली नाही.

काय करायचं ते तिला कळलं होतं, आणि ते तिला कळलंय याचीच तिला भीती वाटली. डोळे उघडे ठेवून गेली तर सडक आहे. डोळे मिटून गेली तरी सडकच असली तर? ऐंशीच्या वेगानं येणाऱ्या गाडीला डोळे मिटलेली बाई काय कळणार? बुद्धी सांगत होती, मागच्या दारानं जा, शेजाऱ्यांना बोलव, बालाजीला फोन लाव. पोरीचा आवाज आणखी एक खोली पुढं गेला.

तिनं डोळे घट्ट मिटले, पदर तोंडाला लावला, चाचपत कडी धरून दार ओढलं आणि उंबऱ्यापलीकडं पाय टाकला.

पायाला ऊन लागलं नाही. शहाबादी फरशी लागली, गार. हीच फरशी दिवाळीनंतर फुटून ट्रॉलीत गेलेली तिनं पाहिली होती. गाड्यांचा आवाज भिंतीआड गेला. हवेत कोंदट वास, जुन्या धान्याचा आणि बऱ्याच माणसांचा. ती डावीकडं वळली. तिच्या पायाला कुणाचा तरी गुडघा लागला आणि तो आत ओढून घेतला गेला. मग दुसरा. दोन्ही बाजूंनी माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि तिला वाट करून देत होती.

"हळू, बाई," एक म्हातारी शेजारूनच म्हणाली. "उंबरा हाय."

खरंच उंबरा होता. पलीकडं सारवलेली जमीन. मग आणखी उंबरा, आणि पायाखाली मऊ पीठ. पुढं कापडाच्या चिंध्या, पुढं गुळगुळीत नव्या टाइल्स. ती मनात उंबरे मोजत गेली, कारण परत यायचं होतं. सातव्यानंतर तिच्या हाताला दोन वेण्या लागल्या. तिनं सृष्टीला उचलून छातीशी धरलं. पोरीचे डोळे मिटलेले होते. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं.

"संगिता," संतरामांचा आवाज आला, खालून, बसलेल्या माणसाचा. "डोळे उघडू नको. ने तिला."

"तुमी चला, मामा."

"माझी बाज टाकलीय यांनी. नीट पाय पसरता येतील आता."

ती वाद घालत बसली नाही. पुढं आयुष्यभर तिला ते सलणार होतं. सात उंबरे उलटे मोजत ती आली. हाताला आपल्या दाराची चौकट लागली आणि लागताक्षणी, अर्धं पाऊल आधी, तिचे डोळे उघडले.

भगभगीत ऊन. ट्रेलरचं तोंड अंगावर आलेलं, काचेमागं ड्रायव्हरचा वासलेला जबडा. आणि त्या पांढऱ्या सडकेवर, दोन्ही कडांना, नजर जाईल तिथपर्यंत वसमतकडं बसलेली माणसं. खांद्याला खांदा लावून, नसलेल्या भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

ती आत कोसळली. ट्रेलर ओरडत पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हर पळत परत आला. "अचानक सडक पे कहाँ से आयी तुम?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "रोड खाली था. पूरा खाली था."

६

संतरामांचा शोध पंधरा दिवस चालला. विहिरी पाहिल्या, ऊस पाहिला, वसमतच्या दवाखान्यात विचारलं. टोलनाक्यावर बालाजीच्या जोडीचा किसनसिंग होता, त्यानं आणि बालाजीनं तीन दिवस कॅमेऱ्यातलं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. गाड्याच गाड्या होत्या. बालाजीनं विटा आणून ते दार बुजवलं, आतून गिलावा केला. संगितानं जे घडलं ते त्याला सांगितलं. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पोरगी वाचली. बास."

सृष्टी चार दिवस डोळे उघडत नव्हती. डॉक्टरांनी पापण्या वर करून बॅटरी मारली, डोळ्यांत काही दोष नाही म्हणाले. घरात ती मिटल्या डोळ्यांनीच हिंडायची, कुठंही न धडकता. पाचव्या दिवशी तिनं आपणहून डोळे उघडले, मधल्या खोलीत बसल्या बसल्या. उघडले आणि किंचाळून भिंतीला जाऊन चिकटली.

त्यानंतर ती खेळायची, खायची, हसायची. एवढंच की मधली खोली ती सरळ ओलांडत नसे. सडक ओलांडायची असावी तशी कडेला उभी राही, डावीकडच्या भिंतीकडं बघे, उजवीकडच्या भिंतीकडं बघे, आणि मग पळत स्वयंपाकघरात जाई. धसका घेतलाय लेकरानं, असं बालाजी सगळ्यांना सांगायचा.  एका दुपारी खोली झाडताना पोर संगिताला म्हणाली होती, "आई, सरक," आणि ती सरकली होती, आणि जराही वारं नसलेल्या त्या खोलीत तिचा पदर खांद्यावरून उडाला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

वैशाख सरत आला. एके दिवशी बालाजी पाळीवरून आला आणि थकून मधल्या खोलीच्या मधोमध बसकण मारली. एक बूट काढला, दुसऱ्याची लेस सोडायला वाकला. संगिता स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती, तिच्या कमरेला धरून सृष्टी. संगिताला पोरीची मूठ आवळलेली जाणवली. तिनं खाली पाहिलं. सृष्टी डावीकडच्या भिंतीकडं बघत होती, लांबून काहीतरी येतंय तसं.

"अहो," संगिता म्हणाली. "उठा तिथून."

"बूट तर काढू दे."

"उठा म्हणते. भिंतीला जावा."

आवाज चढवून ती बोलली नव्हती. बालाजीनं मान वर केली. बायकोकडं पाहिलं, मग लेकीकडं. लेकीच्या बुबुळांत काय होतं ते त्याला तेवढ्या लांबून दिसलं की नाही, देव जाणे. पण तो एका पायात बूट तसाच ठेवून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

चारी बाजूंनी बंद खोली. डावीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडली. मग देवाच्या फळीवरची समई वाजली. मग उजवीकडच्या खुंटीवरचा सदरा एका अंगाला ताणून उभा राहिला आणि हळूहळू खाली आला. जमिनीवर राहिलेला बूट कुठं गेला ते तिघांपैकी कुणीही शोधायला हललं नाही.

सृष्टी उजवीकडं बघत राहिली, जाईल ते जाईपर्यंत.

"आता या, पप्पा," ती म्हणाली.

बालाजीनं डावीकडं पाहिलं. मग उजवीकडं पाहिलं. आणि मग खोली ओलांडली.